चालू आहे, एवढंच?

घरी बनवलेला ॲम्प्लिफायर अडतो तो बहुतेक वेळा शेवटच्या दोन रुपयांच्या वस्तूपाशी. ट्रान्सफॉर्मर बसलेला असतो, बोर्ड बसलेला असतो, पेस्ट लावून ट्रान्झिस्टर हीटसिंकवर आवळलेले असतात, स्पीकरमधून पहिलं गाणं स्वच्छ वाजून गेलेलं असतं. पण पुढची पट्टी अजून खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी. तिच्यावर दिवा कुठला लावायचा ते ठरत नाही. लाल की हिरवा, निऑन की एलईडी, मधोमध की स्विचच्या डोक्यावर? रत्नागिरीत असे उघडे पडलेले ॲम्प्लिफायर मी बरेच पाहिले. त्यांचे मालक आवाजाबद्दल तासभर बोलतात आणि दिव्याचा विषय काढला की चेहरा पाडतात.

हा छंद असलेली माणसं इथे वाटतं त्याहून जास्त आहेत. शासकीय तंत्रनिकेतनातली आणि फिनोलेक्स कॉलेजातली पोरं प्रोजेक्टच्या निमित्ताने सोल्डरिंग शिकतात आणि पुढे घरच्या टीव्हीला चार मोठे स्पीकर जोडून आईची झोप उडवतात. बँकेतून किंवा पोस्टातून निवृत्त झालेले काही जण जुन्या रेकॉर्डी ऐकण्यासाठी व्हॉल्व्हचा सेट बांधतात. आणि वाडीवाडीतली भजनी मंडळं, नमन-जाखडीची मंडळं आहेतच. त्यांचा ‘आमचा सेट’ म्हणजे गावातल्याच कुणा हुन्नरी पोराने जुळवलेला लोखंडी डबा असतो. गणपतीच्या आधी तो माळ्यावरून खाली येतो आणि शिमगा झाला की परत वर जातो. सुटे भाग पूर्वी मुंबईहून यायचे. रातराणी एसटीने जायचं, ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवर दिवसभर दुकानं पालथी घालायची आणि पिशवी मांडीवर घेऊन परतायचं. त्या रस्त्याला डॉक्टर भडकमकर मार्ग हे नाव मिळून जमाना झाला, पण इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या तोंडून ते ऐकलं नाही. १९९८ साली कोकण रेल्वे सलग सुरू झाली, जाणं सोपं झालं. आता कुरिअर येतं. ४४४० आयसीचा तयार बोर्ड, ५२००-१९४३ची जोडी, टीडीए आणि एसटीके मालिकेतल्या आयसी, सगळं घरपोच. सोबत पाकीटभर एलईडी फुकट, बहुतेक वेळा निळे. पुढचा गोंधळ त्या फुकटच्या पाकिटातूनच सुरू होतो.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. व्हॉल्व्हच्या रेडिओत व्हॉल्व्हचे तंतू तापवायला ६.३ व्होल्टचा वेगळा पुरवठा असायचाच. त्यावरच डायलच्या काचेमागचा इवलासा बल्ब लागायचा. वेगळा दिवा कशाला? डायल उजळली म्हणजे रेडिओ चालू. भारीतल्या सेटला त्याशिवाय ‘मॅजिक आय’ असायचा. हिरव्या उजेडाची ही नळी अमेरिकेत १९३५ साली बाजारात आली. स्टेशन नेमकं लागलं की तिच्यातली काळी सावली मिटत यायची. १९७७ साली आकाशवाणीचं रत्नागिरी केंद्र सुरू झालं तेव्हा ट्रान्झिस्टर घरोघर पोचले होते, तरी मोठ्या लाकडी पेटीचे सेट अजून माजघरात होते.

त्या डायलच्या बल्बाचा एक गुण मला राम आळीतल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्यांनी सांगितला. आता ते दुकान चालवत नाहीत, पण टेबल आणि हत्यारं घरात मांडलेली आहेत. “अहो, तो बल्ब म्हणजे माझा व्होल्टमीटर होता,” ते म्हणाले. “गिऱ्हाईक तक्रार करायचा, रेडिओ घसा बसल्यासारखा बोलतो. मी आधी डायलकडे बघायचो. पिवळट दिसली की सांगायचो, सेट बरा आहे, तुमची लाईट कमी आहे. स्टॅबिलायझर घ्या, मला पैसे देऊ नका.”

यात शास्त्र पक्कं आहे. तंतूच्या बल्बाचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात उतरत नाही, त्याहून फार वेगाने उतरतो. व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड साधारण तीस टक्के घटतो आणि रंगही पांढऱ्याकडून तांबूस होतो. शेजारी पंप सुरू झाला की डोळ्यांना लगेच कळतं. एलईडीचं तसं नाही. दहा टक्क्यांनी कमी झालेला एलईडी शेजारी दुसरा धरल्याशिवाय ओळखू येत नाही, आणि तो ७८१२ सारख्या रेग्युलेटरच्या मागे जोडला असेल तर घरात एकशेसत्तर व्होल्ट आले काय आणि दोनशेचाळीस आले काय, तो तस्साच. ज्या जिल्ह्यात पोफळीला कोयनेचं वीजघर आहे आणि जयगडला १२०० मेगावॉटचा प्रकल्प आहे, त्याच जिल्ह्यातल्या टोकाच्या वाड्यांवर संध्याकाळी ट्यूबलाईट फडफडत बसते. तिथे व्होल्टेज दाखवणारा दिवा ही चैन नव्हे.

म्हणून व्हॉल्व्हचा सेट बांधणाऱ्याला मी सरळ सांगतो, ६.३ व्होल्टचा बल्बच लाव. ‘बल्ब उडतो’ ही तक्रार खरी आहे, पण तिच्यावर उपाय सोपा आहे. बल्बाला थोडं उपाशी ठेवायचं. मालिकेत लहानसा रेझिस्टन्स टाकून व्होल्टेज दहा टक्के उतरवलं तर आयुष्य तिपटीहून जास्त वाढतं. उजेड जातो तो जातोच, पण दिव्याखाली कुणाला पोथी वाचायची नाहीये.

निऑनची गोष्ट वेगळी. निऑन घरोघर आहे, फक्त लोक त्याला नावाने ओळखत नाहीत. खिशातल्या टेस्टरमध्ये जो नारिंगी ठिपका पेटतो तो निऑन, स्विचबोर्डावरचा लाल इंडिकेटर बहुधा निऑन, इस्त्रीच्या मुठीत असतो तोही बऱ्याचदा तोच. काचेच्या लहान नळीत दोन तारा आणि थोडा वायू. साठ-सत्तर ते नव्वद व्होल्टच्या दरम्यान तो पेट घेतो, त्याखाली ढिम्म. आपल्या २३० व्होल्टवर दोन-सव्वादोनशे किलोओहमचा रेझिस्टन्स मालिकेत लावला की एका मिलिअँपपेक्षा कमी प्रवाहात वर्षानुवर्षं चालतो. तो रेझिस्टन्स मात्र पाव वॉटचा घेऊ नये. उष्णतेच्या हिशेबाने पाव वॉट पुरतो, पण मेन्सचं शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जातं आणि पाव वॉटच्या तुकड्याची व्होल्टेज सोसायची मर्यादा बहुधा अडीचशेच्या आसपास असते. अर्धा वॉट लावावा.

ॲम्प्लिफायरच्या बाबतीत निऑनची खरी खोड म्हणजे गुणगुण. पुढच्या पट्टीवर दिवा आणायचा म्हणजे २३० व्होल्टच्या दोन तारा पार मागच्या बाजूकडून पुढे आणायच्या, आणि पुढे तर व्हॉल्यूमचा कंट्रोल असतो, इनपुटच्या नाजूक तारा असतात. पावसजवळच्या एका साऊंड सर्व्हिसवाल्याने जुळवलेल्या सेटला असाच हम होता. ट्रान्सफॉर्मर बदलला, कंडेन्सर बदलले, अर्थिंगची तार तीनदा हलवली. शेवटी कुणीतरी पुढच्या रॉकर स्विचकडे बोट दाखवलं, त्या लाल चमकणाऱ्या स्विचच्या पोटात निऑन आणि त्याच्या मेन्सच्या तारा व्हॉल्यूमच्या तारेला समांतर बांधलेल्या, तीही सुबक टाय मारून. स्विच मागच्या बाजूला गेला, पुढे एलईडी आला, हम बसला. सुबकपणाने बिघडलेली वायरिंग मी बरीच पाहिली आहे. मेन्सच्या तारा एकमेकींना पीळ घालून, डब्याच्या कडेने न्याव्यात आणि सिग्नलच्या तारेला ओलांडायचंच झालं तर काटकोनात ओलांडावं, एवढं पाळलं तरी बरंच काम होतं.

निऑनची दुसरी खोड खेड्यातल्या जुन्या वायरिंगमध्ये दिसते. दोन पिनांचा प्लग उलटसुलट कसाही बसतो. स्विच एकाच तारेवर असेल आणि प्लग उलटा बसला तर स्विच न्यूट्रल तोडतो आणि फेज ट्रान्सफॉर्मरपर्यंत तशीच पोचलेली राहते. दिवा विझलेला, माणूस निर्धास्त, आणि आत हात घातला की झटका. तेव्हा दिवा कुठलाही असो, मेन्सचा स्विच दोन्ही तारा तोडणारा घ्यावा आणि प्लग तीन पिनांचा.

आता एलईडी. याचा इतिहास बऱ्याच जणांना माहीत असतो, तरी थोडक्यात. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोनियाक यांनी १९६२ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये बनवला. त्यांचेच विद्यार्थी जॉर्ज क्रॅफर्ड यांनी १९७२ साली पिवळा आणला. निळा मात्र फार वर्षं कुणाला साधेना. १९९३ साली जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी प्रखर निळा करून दाखवला आणि त्या कामासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४चं नोबेल मिळालं. एवढ्या वर्षांच्या त्या खटपटीचा शेवट आपल्याकडे कसा झाला, तर चिल्लर भावात निळे दिवे मिळू लागले आणि पाण्याच्या फिल्टरपासून सेट टॉप बॉक्सपर्यंत सगळं रात्री घुबडासारखं टक लावून बघू लागलं.

एलईडीचा हिशेब नववीतल्या पोराला येईल असा आहे, आणि तरीही लोक चुकतात. लाल एलईडीवर साधारण दोन व्होल्ट पडतात, निळ्या-पांढऱ्यावर तीन ते सव्वातीन. उरलेलं व्होल्टेज रेझिस्टन्सने खायचं. समजा ॲम्प्लिफायरचा पुरवठा अधिक-उणे ३५ व्होल्टचा आहे. अधिक बाजूवर लाल एलईडी लावायचा, ३५ उणे २ म्हणजे ३३ व्होल्ट उरले. जुन्या पुस्तकात २० मिलिअँप लिहिलेलं असतं म्हणून माणूस १.६ किलोओहमचा रेझिस्टन्स टाकतो. त्यात दोन तृतीयांश वॉट उष्णता होते, पाव वॉटचा तुकडा काळा पडतो आणि दिवा डोळ्यांत घुसतो. पाच मिलिअँप धरलं तर ६.८ किलोओहम, उष्णता वॉटच्या सहाव्या हिश्शाएवढी, अर्ध्या वॉटचा तुकडा थंड राहतो. आणि आजचे प्रखर एलईडी तर एका मिलिअँपलाही पुरेसे दिसतात, म्हणजे ३३ किलोओहम. तीस वर्षांपूर्वीच्या मंद एलईडीसाठी लिहिलेला आकडा आजच्या एलईडीला लावायचा नाही, एवढी गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्म्या घरांतल्या रात्री सुधारतील.

थेट मेन्सवर एलईडी लावायचे नकाशे मुलं एकमेकांना पाठवतात. एक ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, एक रेझिस्टन्स, एक उलटा डायोड, झालं. गणित चुकीचं नाही, पन्नास हर्ट्‌झला तो कंडेन्सर साधारण ३२ किलोओहमचं काम करतो आणि सातेक मिलिअँप देतो. पण कंडेन्सर एक्स-टू जातीचा नसेल तर तो कधीतरी शॉर्ट होतो, आणि पुढच्या पट्टीवरच्या भोकातून डोकावणाऱ्या एलईडीच्या पायावर फेज असते. ज्या डब्यात ट्रान्सफॉर्मर आहेच, कमी व्होल्टेज आयतं उभं आहे, तिथे ही उठाठेव कशासाठी, ते मला कळलेलं नाही. ट्रान्सफॉर्मरच्या कमी व्होल्टेजच्या बाजूलाच, एसीवर एलईडी लावायचा असेल तर त्याच्या उलट दिशेने एक १एन४१४८ जोडून द्यावा. एलईडीला उलटं व्होल्टेज पाचेक व्होल्टपलीकडे सोसत नाही.

हे सगळं झालं बल्बाचं, निऑनचं, एलईडीचं. माझ्या मते खरा प्रश्न यानंतरचा आहे: दिवा कुठे जोडायचा? एकाच डब्यात चार जागा आहेत आणि प्रत्येक जागेवरचा दिवा वेगळं बोलतो. स्विचच्या पुढे, फ्यूजच्या अलीकडे लावला तर तो सांगतो, भिंतीतून वीज आली आणि स्विच दाबलेला आहे. फ्यूज उडाला तरी हा हसत उभा. फ्यूजच्या पलीकडे लावला तर फ्यूजसह खात्री देतो. ट्रान्सफॉर्मरच्या कमी व्होल्टेजच्या बाजूला लावला तर ट्रान्सफॉर्मर जिवंत आहे एवढं कळतं. आणि मोठ्या कंडेन्सरच्या टोकांवर लावला तर तो आत किती वीज साठून आहे ते सांगतो.

ही शेवटची जागा मला सगळ्यांत आवडते. दहा हजार मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ३५ व्होल्टवर भरलेला आहे, एलईडीसोबत ६.८ किलोओहम आहे, आणि दुसरा काही भार नाही असं धरू. स्विच बंद केला तरी दिवा लगेच विझत नाही. मिनिटभराने त्याचा प्रवाह चाळीस टक्क्यांच्या जरा वर असतो, दोन मिनिटांनीही कंडेन्सरवर सात-आठ व्होल्ट असतात. जोडलेला ॲम्प्लिफायर हे लवकर पिऊन टाकतो, पण दुरुस्तीच्या टेबलावर बोर्ड सुटा केलेला असतो तेव्हा नेमका तोच भार नसतो. दिवा मंदावत जाताना दिसतो आणि तो पुरता विझेपर्यंत हात बाहेर ठेवायचा. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये हे ३०० ते ४०० व्होल्ट असतात, तिथे एलईडी पुरा पडत नाही. तिथे स्वतंत्र ब्लीडर रेझिस्टन्स हवाच, आणि आतल्या बाजूला, कव्हर उघडल्यावर दिसेल असा एक निऑन. निऑन साठ व्होल्टच्या खाली स्वतःच विझतो, म्हणजे तो विझला की धोका बराच उतरलेला असतो. पुरता उतरला असं मात्र नाही, मीटर लावून बघायचंच.

अधिक-उणे पुरवठ्यात आणखी एक मेख आहे. बहुतेक जण एकच दिवा अधिक बाजूला लावतात. उणे बाजूचा फ्यूज उडाला तर दिवा चालूच राहतो, ॲम्प्लिफायरचं संतुलन जातं, आऊटपुटवर डीसी येतं आणि स्पीकरची कॉईल जळते. मंडपात वास येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून दोन एलईडी, एक अधिकचा, एक उणेचा. पट्टीवर दोन नको असतील तर एक पुढे आणि एक आत, पण असावेत दोन्ही. स्पीकरच्या संरक्षणासाठी यूपीसी १२३७ आयसीचा रिले लावणारे त्याहून पुढे जातात. तीन पायांचा दुरंगी एलईडी लावतात, सुरू केल्यावर तीन-चार सेकंद लाल, रिले ‘टक्’ करून जुळला की हिरवा. डीसी आलं तर पुन्हा लाल. याला मी निवडलेला दिवा म्हणतो. बाकीचे लावलेले दिवे.

दिव्याला एक गोष्ट मुळीच सांगता येत नाही, ती म्हणजे लाईट गेलेली असताना स्विच चालू आहे की बंद. कोकणात हा रोजचा प्रसंग. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. एवढ्या दिवसांनी वीज आली की घरातलं काय काय चालू राहिलं होतं ते तेव्हा कळतं, आणि वीज येताना सरळ येत नाही, उसळ्या मारत येते. म्हणून घरच्या सेटला दाबून उडणारं बटण लावू नये. खटका असावा, खाली-वर स्पष्ट दिसणारा. अंधारात हात लावूनही कळतं.

रंगावर भांडणं सगळ्यांत जास्त होतात. महावितरणमधून निवृत्त झालेले एक शेजारी आहेत. त्यांना नातवाच्या ॲम्प्लिफायरवरचा हिरवा दिवा बघवत नाही. “हिरवा म्हणजे बंद,” ते म्हणतात, “आणि लाल म्हणजे जिवंत. सबस्टेशनात आयुष्य गेलं माझं.” ते बरोबर आहेत. आपल्याकडच्या वीज पॅनेलवर ब्रेकर लागलेला असला की लाल दिवा आणि सुटलेला असला की हिरवा. लाल म्हणजे हात लावू नकोस. तीन फेजच्या पॅनेलवर लाल, पिवळा, निळा असे तीन दिवे असतात, तिथे रंग फक्त फेजचं नाव सांगतो. नातू म्हणतो, “आजोबा, हिरवा म्हणजे सगळं ठीक.” तोही बरोबर, यंत्रांच्या दिव्यांसाठी आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाचं ६००७३ क्रमांकाचं मानक आहे, त्यात लाल धोक्याला, पिवळा काहीतरी बिनसल्याला आणि हिरवा सुरळीत चालण्याला दिलेला आहे. मिरकरवाड्याच्या खलाशाला विचाराल तर तो तिसरंच सांगेल, लाल म्हणजे होडीची डावी बाजू, हिरवा म्हणजे उजवी. शोभेपुरता रंग यातल्या कुणाकडेच नाही.

घरच्या सेटला माझं मत लालकडे झुकतं, आणि त्याचं कारण सबस्टेशन नव्हे, डोळा आहे. भरदिवसा माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पोपटी-हिरव्याला, सर्वांत जागा असतो. अंधारात ही जागा ५०७च्या आसपास, निळ्या बाजूला सरकते. लालला अंधारातला डोळा जवळजवळ आंधळा असतो, म्हणून रात्री जहाजाच्या सुकाणूघरात मंद लाल उजेड ठेवतात. निळा एलईडी ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा. दिवसा दुकानात जो बेताचा वाटला तोच रात्री दिवे मालवून मालकंस ऐकायला बसल्यावर छताला निळा डाग पाडतो. शिवाय निळा उजेड डोळ्यात जास्त पसरतो, ठिपका ठिपका राहत नाही, त्याला धुकं येतं. सावरकर नाट्यगृहात नाटकाचा काळोख झाल्यावर विंगेतल्या कुठल्यातरी यंत्राचा निळा ठिपका दिसत राहिला तर चौथ्या रांगेतल्या माणसाचं अर्धं लक्ष तिकडे जातं. साऊंडवाले त्यावर काळी टेप चिकटवतात. ज्या दिव्यावर टेप चिकटवावी लागते तो निवडताना कुणी विचार केला नव्हता.

निळ्याच्या बाजूनेही बोलायला हवं. अमेरिकेतल्या मॅकिंटॉश कंपनीच्या ॲम्प्लिफायरची निळ्या उजेडाची मोठी मीटर जगभरच्या शौकिनांना भुरळ घालतात. पण ती मोठी काच मागून उजळलेली असते, उजेड पसरून मऊ झालेला असतो. सत्तरच्या दशकातल्या जपानी रिसीव्हरच्या निळ्या-हिरव्या डायलही तशाच, तंतूच्या बल्बापुढे रंगीत गाळणी. त्यांची नक्कल पाच मिलिमीटरच्या उघड्या एलईडीने करायला जाणं म्हणजे भलताच उद्योग. निळाच हवा असेल तर दुधी प्लास्टिकच्या पट्टीमागे ठेवा, कडेने उजळा, आणि प्रवाह पाव मिलिअँपवर आणा.

लाल काचेचा पैलू पाडलेला खडा मिळतो, जुन्या गिटार ॲम्प्लिफायरवर असतो तसा. मागे लहान बल्ब. महाग आहे, पण त्याची एक सोय आहे की बल्ब पुढूनच खडा फिरवून बदलता येतो, डबा उघडावा लागत नाही. भजनी मंडळाच्या सेटला मी तो सुचवतो, कारण ऐन बारीच्या रात्री डबा उघडणारे हात फार असतात.

भोक पाडण्याचं काम वरवर सोपं, पण पट्टी बिघडते ती तिथेच. एलईडी पाच मिलिमीटरचा असला तरी त्याच्या काळ्या प्लास्टिकच्या क्लिपला साडेसहा ते आठ लागतात, आधी क्लिप हातात घ्यावी, मग भोक. पट्टीवर कागदी टेप चिकटवून त्यावर पेन्सिलने खूण, पंचने ठोका, मग तीनचा ड्रिल, मग सहाचा. अॅल्युमिनियम ड्रिलला चिकटतं, रॉकेलचा नाहीतर खोबरेलाचा थेंब सोडायचा. शेवटचा अर्धा मिलिमीटर ड्रिलने घेऊ नये, गोल कानशीने घ्यावा. रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीत जे. के.च्या कानशी बनत आल्या आहेत, चांगली कानस इथे मिळायला अडचण नाही. कानस पुढे ढकलताना दाब, मागे घेताना उचल. मागे-पुढे दोन्हीकडे घासणाऱ्याची कानस जाते आणि भोक अंड्यासारखं होतं. समुद्राकडच्या घरांत, मांडवी-मिऱ्याकडे, आणखी एक पथ्य आहे. लोखंडी स्क्रूचे आणि स्वस्तातले पितळी मुलाम्याचे होल्डर दोन पावसाळ्यांत हिरवे पडतात. एलईडी क्लिपमध्ये बसवून पाय थेट सोल्डर करावे, वर स्लीव्ह चढवावी. सॉकेट-कनेक्टर जेवढे कमी, तेवढा त्रास कमी.

आणि एक दिवा कुठल्याच पट्टीवर नसतो, पण घरच्या ॲम्प्लिफायरचा सगळ्यांत महत्त्वाचा दिवा तोच. सिरीज बोर्ड. लाकडी फळीवर एक बल्बहोल्डर, एक सॉकेट, दोन्ही मालिकेत, होल्डरमध्ये तंतूचा ६० किंवा १०० वॉटचा बल्ब. नवा बांधलेला सेट पहिल्यांदा थेट भिंतीत कधीच लावायचा नाही, या बोर्डावर लावायचा.

राम आळीतल्या त्या दुरुस्तीवाल्या काकांनी एका पोराचा पहिला सेट असा सुरू करताना मी बाजूला होतो. स्पीकर जोडलेला नव्हता, व्हॉल्यूम शून्यावर. काकांनी पोराचे दोन्ही हात टेबलावरून खाली करायला लावले. मग खटका ओढला. बल्ब एकदम लख्ख पेटला, पोराचं तोंड उतरलं. काका हलले नाहीत. सेकंदभरात बल्ब उतरला, तांबूस झाला आणि तंतू जेमतेम लाल एवढ्यावर येऊन थांबला. “कंडेन्सर भरले,” काका म्हणाले. “आता हा तांबडाच राहिला तर गणपती पावला. वर चढायला लागला तर बंद कर, आणि ट्रान्झिस्टरखालचा अभ्रक बघ.” तो तांबडाच राहिला. लख्ख पेटून तसाच राहिला असता तर आत शॉर्ट असता, पण शंभर वॉटच्या बल्बाने प्रवाह अडवलेला असल्याने ट्रान्झिस्टर वाचले असते. दोनशे रुपयांची आऊटपुटची जोडी आणि एक संध्याकाळ वाचवणारा हा बल्ब आता दुकानात शोधावा लागतो. २०१५ पासून उजाला योजनेत एलईडी बल्ब घरोघर गेले आणि तंतूच्या बल्बाला गिऱ्हाईक उरलं नाही. एलईडी बल्ब या कामाला शून्य, त्याला स्वतःचा पुरवठा असतो, तो प्रवाह अडवत नाही आणि मंदही होत नाही. काकांनी खोक्यात जुने शंभरचे बल्ब वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले आहेत आणि ते कुणाला देत नाहीत.

त्या पोराने पुढच्या पट्टीवर निळा एलईडी आधीच अॅरल्डाइटने चिकटवून टाकला होता, ४७० ओहमवर, बारा व्होल्टच्या पुरवठ्यावरून. म्हणजे एकोणीस मिलिअँप, खोली उजळेल एवढा. काकांनी तो काढायला लावला नाही. रेझिस्टन्सचं एक टोक उपटलं, ड्रॉवरमधून ४७ किलोओहमचा तुकडा घेऊन त्याच्या जागी सोल्डर केला, आणि बाजूला उणे बाजूसाठी तीन मिलिमीटरचं एक भोक पाडायला ड्रिल त्याच्या हातात दिला.